रिमिक्स करताना काय ठेवायचं

रिमिक्स करायला बसलं की बहुतेकांचा हात आधी किककडे, म्हणजे ठेका धरणाऱ्या जड ड्रमच्या ठोक्याकडे, जातो. नवीन प्रोजेक्ट उघडायचा, टेम्पो १२४ नाहीतर १२६ बीपीएम (मिनिटाला तेवढे ठोके) टाकायचा, नेहमीची आवडती किक ओढून आणायची, त्यावर क्लॅप, हाय-हॅट, जमलं तर लगेच एक बेसलाइन, आणि मग मूळ गाण्याचा अकापेला, म्हणजे वाद्यांशिवायचा नुसता आवाज, वर ठेवून बघायचं बसतोय का. बसला तर छान, नाही बसला तर ताणून बसवायचा. असं करून ऐकण्यासारखं काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही, होतं, पण ते कुठल्याही गाण्याचं होऊ शकलं असतं, वरचा आवाज बदलला तरी खालचं सगळं तसंच राहिलं असतं. माझं म्हणणं असं आहे की पहिला निर्णय किकचा नाहीच, पहिला निर्णय मूळ गाण्यातलं काय ठेवायचं याचा आहे, आणि तो नीट झाला की टेम्पो, कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर), लांबी, अगदी किकसुद्धा त्याच्या मागोमाग येते.

स्टेम्सचं, म्हणजे आवाज आणि वाद्यांच्या सुट्या ट्रॅक्सचं, फोल्डर हातात आलं की मी बराच वेळ काही बनवतच नाही. सगळे ट्रॅक एकाखाली एक मांडायचे आणि एकेक सोलो करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून, ऐकायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये पुढे न ढकलता. पूर्ण गाण्यात कधी ऐकूच न आलेल्या गोष्टी इथे सापडतात. मुख्य आवाजाच्या मागे अगदी हळू गाणारा दुसरा आवाज, जो फक्त शेवटच्या मुखड्यात येतो. गिटारवर बोटं सरकतानाची किरकिर. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ओळ सुरू होण्याआधी घेतलेला श्वास. तो दर वेळी वेगळा असतो, पहिल्या मुखड्याआधी छोटासा, शेवटच्या मुखड्याआधी खोल, कारण पुढे जोर लावायचाय हे गाणाऱ्याला माहीत असतं. आवाज साफ करायच्या नादात बरेच जण हे श्वास कापून टाकतात. मी जवळपास कधीच कापत नाही. ड्रॉपच्या, म्हणजे सगळा ठेका एकदम येतो त्या क्षणाच्या, आधी सगळं बंद करून फक्त तो एक श्वास ठेवून बघा, स्नेअर रोल आणि वर चढत जाणारा तो नेहमीचा नॉइझ मिळून जेवढा ताण तयार करतात त्यापेक्षा जास्त ताण तो एकटा तयार करतो, कारण ऐकणाऱ्याला आपोआप कळतं की आता माणूस गाणार आहे.

सोलो झालं की उलटं करायचं. सगळं चालू ठेवून एकेक ट्रॅक म्यूट करत जायचा आणि बघायचं की गाणं नेमकं कुठल्या क्षणी ते गाणं राहत नाही. ड्रम्स गेले, चालतंय. बेस गेला, अजून ओळखू येतंय. कॉर्ड्स गेल्या तरी तग धरून आहे, आणि मग एखादा चार सुरांचा साधा सिंथ म्यूट केला की गेलं, सगळं सपाट. म्हणजे गाण्याचा जीव तिथे आहे, भले नाव गाणाऱ्याचं असू दे. कधीकधी तो जीव सुरात नसतोच, एखाद्या शब्दाच्या आघातात असतो, दोन ओळींमधल्या थांबण्यात असतो. ते थांबणं ठेवायचं असेल तर तिथे हाय-हॅटचा मारा करून चालणार नाही, बघा, एक निर्णय झाला की ड्रम्सचा निर्णय तिथेच अर्धा झाला.

किती ठेवायचं याला काही नियम नाही, आणि हे पटवायला दोन उदाहरणं पुरेशी आहेत. एव्हरीथिंग बट द गर्ल या जोडीचं 'मिसिंग' १९९४ मध्ये आलं तेव्हा ते एक शांत, गिटारवर चालणारं गाणं होतं आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. मग टॉड टेरी या निर्मात्यानं त्याचा हाउस या डान्स शैलीतला रिमिक्स केला, आणि तो असा पसरला की १९९६ मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. टेरीनं गायिका ट्रेसी थॉर्नचं गाणं जवळपास आहे तसं ठेवलं, तिचा तो थकलेला, स्वतःशीच बोलल्यासारखा आवाज अजिबात खुलवायचा प्रयत्न केला नाही, फक्त त्याच्या पायाखाली चालणारं काहीतरी दिलं. आणि गाणं तेवढंच उदास राहिलं, मला तर जास्त उदास वाटतं, कारण खाली किक न थकता चालू आहे आणि वर कुणीतरी जागच्या जागी थांबलेलं आहे. डान्सचा बीट लावला की दुःख निघून जातं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा रिमिक्स हेडफोनवर एकट्यानं ऐकावा.

दुसरं टोक म्हणजे गायिका टोरी एमॉसच्या 'प्रोफेशनल विडो'चा आर्मंड व्हॅन हेल्डननं केलेला रिमिक्स. मूळ गाणं हार्पसिकॉर्डवर, रागीट, तुटक, चाल सतत बदलणारं. व्हॅन हेल्डननं त्यातले आवाजाचे मोजके तुकडे उचलले, बाकी सगळं खाली ठेवून दिलं, आणि एका जाड, गोल फिरणाऱ्या बेसलाइनवर ते तुकडे परत परत वाजवले. जानेवारी १९९७ मध्ये हा ट्रॅक ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. मूळ गाण्याचे चाहते यावर वैतागू शकतात आणि मला ते समजतं, पण नीट ऐकलं तर मूळ गाण्यातला तो हट्टीपणा, ती मागणी करणारी जीभ, ती इथे शाबूत आहे, फक्त तेवढीच आहे. एकानं जवळपास सगळं ठेवलं, दुसऱ्यानं मूठभर, आणि दोघांनाही नक्की माहीत होतं आपण काय ठेवतोय.

याहून बारीक उदाहरण सुझान व्हेगाच्या 'टॉम्स डायनर'चं. १९८७ च्या अल्बमवर ते गाणं नुसत्या आवाजात आहे, एकही वाद्य नाही. शेवटी शब्द संपतात आणि ती एक छोटी, बिनशब्दांची चाल गुणगुणत गाणं संपवते. १९९० मध्ये डीएनए नावाच्या दोन ब्रिटिश निर्मात्यांनी त्याखाली संथ, झुलणारा डान्स बीट घातला आणि ती शेवटची गुणगुण उचलून पुढे आणली, पुन्हा पुन्हा येणारा मुखडाच केला तिचा. मूळ गाण्यात जी जाता जाता केलेली गोष्ट होती तीच लोकांच्या तोंडात बसली. त्यांनी हे विनापरवानगी छापून वाटलं होतं, पण मूळ कंपनीनं भांडण्याऐवजी तो रिमिक्स स्वतःच अधिकृतपणे काढला आणि तो प्रचंड चालला. मला यात सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते ऐकण्याबद्दल. गाण्याची सर्वात चिकटणारी चाल अगदी शेपटाला होती आणि ती कुणाला तरी ऐकू आली.

आता टेम्पो. १०० बीपीएमचं गाणं १२५ वर न्यायचं म्हणजे २५ टक्के वेग वाढवायचा. टेपसारखा सरळ वेग वाढवला तर आवाज जवळजवळ चार सेमीटोन वर जातो (साधारण सहा टक्क्यांना एक सेमीटोन असा हिशोब लक्षात ठेवला की पुरतो) आणि गाणारा माणूस बदलून जातो. सॉफ्टवेअरनं सूर न बदलता ताणलं तर सूर राहतो पण व्यंजनं पातळ होतात, लांब स्वरांमध्ये एक प्रकारची थरथर येते. आजकालचे अल्गोरिदम चांगले आहेत, पाच-सात टक्क्यांपर्यंत मी बिनधास्त ताणतो, पण त्याच्या पुढे जायचं असेल तर ताणण्याऐवजी कापून मांडणं मला नेहमी बरं वाटतं. म्हणजे ओळी, कधीकधी शब्द, सुटे करायचे, प्रत्येकाला थोडंसंच ताणायचं आणि नव्या ठेक्यावर हातानं ठेवायचं, ओळींमधली रिकामी जागा कमी-जास्त करून हिशोब जुळवायचा. वेळखाऊ आहे खरं, पण आवाज माणसाचा राहतो. आणि कधी अर्ध्या वेगाचा विचार करायचा, ८७ चं गाणं १७४ च्या ड्रम अँड बेस या वेगवान शैलीवर एक टक्काही न ताणता बसतं, आवाज निवांत चाललेला आणि खाली ड्रम्स दुप्पट वेगात, हा विरोध ऐकायला फार सुंदर लागतो.

हातानं मांडताना एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही म्हणून जरा थांबून लिहितो. शब्द ग्रिडवर (स्क्रीनवरच्या बीटच्या रेषांवर) बसवताना आपण वेव्हफॉर्म जिथे सुरू होतो ती कड बीटच्या रेषेला लावतो. पण गाणारा माणूस ठेक्यावर व्यंजन ठेवत नाही, स्वर ठेवतो. 'सा' म्हणताना 'स'ची फुसफुस आधी होते आणि 'आ' उघडतो तो बीटवर. ही फुसफुस सहज शंभर मिलिसेकंदांची असू शकते, आणि १२४ बीपीएमला सोळावा भाग (चार बीटच्या एका बारचा) असतो १२१ मिलिसेकंदांचा, म्हणजे फाइलची कड रेषेला लावली तर आवाज जवळपास एक सोळावा भाग उशिरा येतोय असं वाटतं, आणि मग आपण म्हणत बसतो की सगळं ग्रिडवर आहे तरी गाणं ओढल्यासारखं का वाटतंय. झूम करून स्वर कुठे उघडतो ते बघायचं आणि ती जागा बीटवर आणायची, 'स' रेषेच्या डावीकडे लटकत राहिला तर राहू द्यायचा. आणि गाणारा मुळातच किंचित मागे रेलून गात असेल तर ते रेलणंही ठेवायचं, सगळ्या ओळी घट्ट बसवल्या की त्याचा तोरा जातो.

कॉर्ड्स हा माझ्या मते रिमिक्सचा सगळ्यात श्रीमंत भाग आहे आणि त्याकडे कमी लोक वळतात. समजा गाणं ए मायनरमध्ये आहे आणि आवाज मुख्यतः ए, सी, ई या तीन सुरांवर फिरतोय. खाली ए मायनर कॉर्ड असेल तर आवाज घरी आहे, स्थिर, थोडा खिन्न. आता आवाजाला हातही न लावता बेस एफ वर न्या. तेच तीन सूर आता एफ मेजर सेव्हन्थचे वरचे तीन सूर झाले, तीच ओळ अचानक उबदार आणि जराशी आठवणीतली वाटायला लागते. बेस डी वर न्या, तेच सूर डी मायनरचे पाचवा, सातवा आणि नववा झाले, ओळ अधांतरी तरंगायला लागते, तिला कुठेतरी पोचायचंय असं वाटतं. गाणारीनं एकदाच गायलंय, एकाच भावनेनं, आणि आपण खालचा एक सूर बदलून त्या ओळीचा अर्थ दोनदा बदलला. पहिल्या मुखड्याला डी, दुसऱ्याला एफ, आणि शेवटी ए मायनरवर घरी आणायचं, म्हणजे मूळ गाण्याची कॉर्ड शेवटपर्यंत राखून ठेवायची, हे मी खूप वेळा करतो आणि मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

फक्त बी या सुराकडे लक्ष ठेवा. एफ वर तो टोचतो, जाता जाता लागला तर मजा येते पण गाणारी त्यावर लांब थांबली असेल तर तेवढ्यापुरता बेस जी वर सरकवायचा, सुटतं ते. आणि बेसचा सूर ठरवताना स्पीकरचाही विचार करायचा. खालचा ए ५५ हर्ट्झला आहे, एफ साधारण ४४ ला, त्याच सप्तकातला डी ३७ च्या आसपास, जो बऱ्याच ठिकाणी ऐकूच येत नाही, आणि वरचा डी घेतला तर ७३, म्हणजे बेसचा भारदस्तपणा कमी. त्यामुळे डी वर रेंगाळायचं असेल तर किकला जास्त काम द्यावं लागतं.

क्लबसाठी लांबवण्याबद्दल थोडक्यातच. डीजेला सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या ठेक्याची जागा लागते, ३२ बार म्हणजे १२४ बीपीएमला जवळपास ६२ सेकंद, तेवढ्यात एक गाणं बाहेर जातं आणि दुसरं आत येतं. ही गरज जुनीच आहे. १९७६ मध्ये वॉल्टर गिबन्स या डीजेनं डबल एक्स्पोजरचं 'टेन पर्सेंट' लांबवून नऊ मिनिटांच्या पुढे नेलं आणि साल्सोल रेकॉर्ड्सनं ते १२ इंची तबकडीवर विकायला काढलं, डान्सच्या गाण्यांची ही अशी दुकानात मिळणारी पहिली १२ इंची सिंगल मानली जाते. मोठ्या तबकडीवर खाचांना जागा जास्त, त्यामुळे आवाज मोठा आणि बेस खोल कापता यायचा. लांबवलेलं गाणं म्हणजे फक्त इकडून तिकडे चिकटवलेलं गाणं असं मात्र नाही, गिबन्सनं ड्रम्स आणि पर्कशनचे तुकडे मोकळे केले, ज्या वादकांकडे तीन मिनिटांच्या गाण्यात कुणाचं लक्ष गेलं नसतं त्यांना जागा दिली. एक्स्टेंडेड मिक्स करताना मी तेच विचारतो, या गाण्यात कुणाला बोलायला वेळ मिळाला नाही?

आणि डब, म्हणजे तयार गाण्याचे भाग काढत-आणत केलेली आवृत्ती. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे करत होता, मुळात तो इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस, मिक्सर हेच त्याचं वाद्य. तयार गाणं चार ट्रॅकवर, आणि तो फेडर (आवाज कमी-जास्त करायची मिक्सरवरची सरकती कळ) खाली ओढून आवाज गायब करायचा, अर्धा शब्द सोडायचा, त्या अर्ध्या शब्दाला एकोमध्ये फेकायचा, मग फक्त ड्रम आणि बेस, मग कुठूनतरी गिटारचा एक फटका. नवीन काही वाजवायचंच नाही, फक्त काढायचं आणि परत आणायचं. आजही माझं ठाम मत आहे की रिमिक्स शिकणाऱ्यानं पहिला प्रयत्न डबचा करावा, एकही नवा सूर न घालता. हातात फक्त म्यूट, एको, रिव्हर्ब आणि एक फिल्टर. आणि ऑटोमेशन (असे बदल आपोआप करणारी रेष) माउसनं काढत बसण्याऐवजी गाणं चालू ठेवून हातानं फेडर हलवून रेकॉर्ड करावं, दोन-तीन पूर्ण टेक घ्यावेत आणि त्यातलं चांगलं जोडावं. शब्द कुठे तोडायचा हे बोटांना लवकर कळतं, स्क्रीनकडे बघून कळायला वेळ लागतो. एकोची वेळ टेम्पोवरून काढायची, ६०,००० ला बीपीएमनं भागलं की एका बीटचे मिलिसेकंद मिळतात, १२४ ला ४८४, त्याच्या तीन चतुर्थांश म्हणजे ३६३ चा एको टाकला की तो किकच्या मधल्या फटींमध्ये पडत राहतो आणि गर्दी होत नाही.

स्टेम्स मिळालेच नाहीत तर? २०१९ मध्ये डीझर या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीनं स्प्लीटर हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं आणि तेव्हापासून कुठल्याही गाण्यातून आवाज वेगळा काढणं घरबसल्या होतं, त्यानंतर आलेली साधनं तर अजून स्वच्छ काढतात. मी वापरतो, सरावासाठी तर ही फार मोठी सोय आहे. पण अशा वेगळ्या काढलेल्या आवाजात हाय-हॅटची ओलसर चमक मागे राहते आणि रिव्हर्बच्या शेपट्या कुरतडलेल्या असतात, त्यामुळे तो एकटा उघडा ठेवता येत नाही, खाली खऱ्या हाय-हॅटचा आडोसा द्यावा लागतो. म्हणजे श्वासावर ड्रॉप उभा करायचा वगैरे विसरायचं. आणि आवाज वेगळा काढता आला म्हणजे तो आपला झाला असंही नाही, बाहेर काढायचं असेल तर गाण्याच्या आणि रेकॉर्डिंगच्या, दोन्हींच्या मालकांची परवानगी लागते. अधिकृत रिमिक्स केला तरी बऱ्याचदा एकरकमी पैसे मिळतात आणि गाण्याचे हक्क मूळ लिहिणाऱ्यांकडेच राहतात, आणि मला ते रास्त वाटतं, कारण जे आपण ठेवलं ते त्यांचं होतं.

काम संपत आलं की मी एक तपासणी न चुकता करतो. मूळ गाण्यातून जे काही ठेवलं ते सगळं म्यूट करून ट्रॅक सुरुवातीपासून ऐकायचा. बरेचदा ट्रॅकमध्ये खड्डे दिसतात, कॉर्ड बदलते पण का बदलली कळत नाही, ब्रेकडाउन (ठेका थांबतो तो भाग) कुणाची तरी वाट बघत राहतो, हे उत्तम लक्षण आहे, म्हणजे नवं सगळं जुन्यासाठी बनलंय. पण कधीकधी उलटं होतं. म्यूट केलं आणि ट्रॅक मस्त चालू आहे, काहीच कमी वाटत नाही, उलट मोकळं वाटतंय. मग तो रिमिक्स नाही, तो आपला स्वतःचा ट्रॅक आहे आणि त्यावर उगाच दुसऱ्याचं गाणं ठेवलेलं आहे. अशा वेळी मी आवाज काढून टाकतो, त्याला वेगळं नाव देतो, त्याला हवा तसा शेवट करतो आणि आपला म्हणूनच बाहेर काढतो, रिमिक्ससाठी पुन्हा कोऱ्या प्रोजेक्टवर जातो.